निजेतला आवाज

मृणाल होगाडेला त्या उशीतून काय काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई भाबडी होती.

एक तर तिची बालवाडी वाचणार होती. इचलकरंजीत, यंत्रमागांच्या गल्लीत, तालमीच्या मागच्या हॉलमध्ये ती भरायची, आणि चौकात निघालेल्या इंग्रजी प्ले-स्कूलनं तिच्याकडची निम्मी पोरं ओढून नेली होती. शिवाय तिची स्वतःची मुलगी रेवा शाळेत जायच्या आधीच वाचायला लागणार होती. आणि रेवा वाचायला लागली की मृणालच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, "आमचा प्रसन्ना पाचव्या वर्षी पेपर वाचायचा" हे वाक्य पुन्हा उच्चारणार नव्हत्या. हा लाभ मृणालनं कोणाजवळ बोलून दाखवला नव्हता. मनात मात्र तो सगळ्यांत वर होता.

आणखी एक लाभ होता, पण तो उशीवाला माणूस येईपर्यंत तिलाही माहीत नव्हता. तो होता तिच्या आवाजाचा. मृणालचा आवाज मऊ, गोल, प्रत्येक अक्षर पुसून ठेवल्यासारखा. लग्न जमवताना तिच्या माहेरच्यांनी फोटोबरोबर त्याचाही उल्लेख केला होता. पण ज्या गावात नवऱ्याला जेवायला हाक मारायची तरी मागांच्या खटखटीवरून मारावी लागते, तिथं मऊ आवाजाला कोण विचारतो? गणपतीचे देखावे आकाशात ड्रोननं मांडायला लागले त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती, माग नवे आले होते, पण खटखट जुनीच होती. आत्याबाई म्हणायच्या, "ही बोलते की श्वास घेते तेच कळत नाही."

उशीवाला पुण्याचा. शंतनू कारखानीस नाव, तरुण, दाढी कोरलेली. त्यानं बालवाडीच्या सतरंजीवर मांडी घालून एक पातळ, निळी उशी पुढे ठेवली. तिचं नाव 'निजाक्षर'.

उशीमागचं शास्त्र त्यानं समजावलं तेही तसं सरळ होतं. मूल दिवसा जे शिकतं ते मेंदू झोपेत पुन्हा चाळतो. काय ठेवायचं, काय टाकायचं ते तेव्हा ठरतं. गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा येत असतात. लाट वर चढत असताना दिवसा शिकवलेल्या अक्षराचा आवाज अगदी हलकेच कानावर घातला, तर मेंदू ते अक्षर ठेवण्याच्या बाजूला सरकवतो. उशीतल्या पट्ट्या लाट ओळखतात आणि नेमक्या वेळी कुजबुजतात. सकाळी मुलानं वाळूत 'म' गिरवायचा, दुपारी खिचडी खाऊन झोपायचं, झोपेत उशी म्हणणार 'म'.

"आवाज कोणाचा?" मृणालनं विचारलं.

"तोच तर मुद्दा आहे, मॅडम. झोपलेल्या मेंदूच्या दारात एक राखणदार असतो असं समजा. अनोळखी आवाज आला की तो मेंदूला हलवतो, झोप मोडते, लाट तुटते. ओळखीचा, विश्वासाचा आवाज असला तर तो म्हणतो, राहू दे, आपलाच माणूस आहे. म्हणून आईचा आवाज सगळ्यांत उत्तम."

आयांना बोलावणं गेलं. दुसऱ्या पाळीच्या आधी त्या आल्या, केसांत कापसाची तुसं, आणि आल्या त्या बोलतच आल्या. कारखानीसनं फोन पुढे धरून लगमव्वा पुजारीला सांगितलं, "कमळ म्हणा. कुजबुजल्यासारखं."

लगमव्वा म्हणाली, "कमळ." बाहेर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

फोन म्हणाला, "कृपया हळू आवाजात बोला."

"कमळ."

"कृपया हळू आवाजात बोला."

"आता ह्येच्यापरीस हळू म्हंजे मी मेलोच की वो," लगमव्वा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यावर फोननं तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं.

एकीचाही आवाज फोननं घेतला नाही. जन्मभर मागाशेजारी उभं राहून बोलणाऱ्यांच्या गळ्यात कुजबूज नसतेच. त्या बाळाला अंगाईसुद्धा पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणतात. कारखानीसचा चेहरा पडला. "आई नाही तर रोजच्या शिक्षिकेचा आवाज चालतो," तो म्हणाला.

"मग माझाच घ्या," मृणाल म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा आवाज आणखीच मऊ झाला.

"सगळ्या मुलांसाठी?"

"सगळ्यांची बाई मीच आहे ना."

"आन् आमी काय करायचं?" लगमव्वानं विचारलं.

"तुम्ही फक्त मुलांना रोज पाठवा."

त्या वाक्यात थोडा तोरा होता, पण वाईट हेतू नव्हता. तिनं फोनवर एका अंगठ्यानं संमती दिली आणि दोन दुपारी बसून अक्षरं, शब्द, छोटी वाक्यं म्हणून दिली. रेवासाठी तर ती सख्खी आईच होती. रेवाची उशी घरी, रात्रीच्या झोपेलाही लावायची ठरली. थोडं जास्त मिळत असेल तर आपल्या मुलीला द्यावं, असं कुठल्या आईला वाटत नाही?

उशीनं शब्द पाळला. दसऱ्याला पाटीपूजन होतं. आत्याबाईंनी पाटीवर सरस्वती काढली, हळदकुंकू वाहिलं, आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणून रेवाचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घ्यायला बसल्या. रेवा त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होती. तिथं तिच्या बापाच्या, प्रसन्नाच्या, मागाच्या सुट्या भागांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं.

"होगाडे मशिनरी स्टोअर्स," रेवा म्हणाली. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

प्रसन्नानं पेढ्याचा बॉक्स खाली ठेवला. आत्याबाईंनी नातीचा हात सोडला आणि त्या म्हणाल्या, "वाचता येतंय. हात वळवायला लागेल पण." मृणालला एवढं पुरेसं होतं. त्या दिवशी तिनं पुरणपोळी वाढताना सासूला तुपाची धार जरा जास्त धरली.

बालवाडीत पोरं खिचडीच्या पाकिटावरचं वाचायला लागली, टेंपोच्या मागचं, निवडणुकीच्या भिंतीवरचं. लगमव्वाचा शिवाप्पा मागवाल्या मालकाच्या गाडीवरची पाटी वाचून आला, तेव्हा लगमव्वानं बाईंना घरच्या शेंगाचटणीचा डबा दिला. प्ले-स्कूलमधली पोरं परत आली. पुण्याहून लोक येऊन चित्रण करून गेले.

मग एक दिवस मृणाल म्हणाली, "चला, हात धुवायला," आणि कोणी उठलं नाही.

पोरं दंगा करत होती असंही नाही. आपापलं करत होती. ती पुन्हा म्हणाली. एकदोघांनी तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहावं तसं, आणि पुन्हा ठोकळे रचू लागली. तिनं टाळ्या वाजवल्या तेव्हा सगळी वळली. बोलू लागली की पुन्हा पांगली. तेवढ्यात शिवाप्पाला न्यायला आलेली लगमव्वा दारातून ओरडली, "ए, हात धुवा की रं!" आणि सगळी बालवाडी नळापाशी रांगेत उभी.

"बाई, तुमी लई लाडानं बोलताय," लगमव्वा म्हणाली. "आईकत्यात व्हय असं?"

"इतके दिवस ऐकत होती."

"इतके दिवस ल्हान होती."

हे मृणालनं हसण्यावारी नेलं. घरी तसं नेता येईना. रेवा बापानं हाक मारली की धावत यायची, आजीनं खाकरलं तरी बघायची. आईनं "रेवा, दूध" म्हटलं तर कागदावर काहीतरी काढत बसायची. समोर जाऊन खांद्याला हात लावला की दचकायची, मग गोड हसायची. रुसलेली नसायची, रागावलेली नसायची. त्याला काय म्हणणार?

मृणालनं त्याचं कारण शोधलं, आणि सुनेला जे आधी सापडतं तेच सापडलं.

"आत्याबाई, तिला माझ्याविरुद्ध काही सांगत जाऊ नका."

"मी काय सांगणार? ती आता माझ्यापेक्षा जास्त वाचते."

"मी हाक मारली की तुम्ही मध्ये ओ देता."

"तू मारतेस हाक? मला वाटलं पंखा चालू आहे."

ते बोलणं तिथं थांबलं नाही. जुन्या बऱ्याच गोष्टी निघाल्या, बारशाच्या वेळी कोणी नाव सुचवलं तिथपर्यंत. प्रसन्ना दुकानात जातो म्हणून निघून गेला. घरात दोन बायका भांडू लागल्या की त्याला दुकानात नेहमी काम निघायचं. पुढचे कित्येक दिवस आत्याबाई नातीशी बोलायच्या आधी सुनेकडे बघायच्या, आणि हळूहळू त्यांनी बोलणंच कमी केलं. म्हणजे ज्या एका घरच्या बाईचं ती ऐकत होती, तिलाही मृणालनं गप्प केलं.

संशय फिटला तो रस्त्यावर. मृणाल भाजी घेत होती. रेवा हात सोडून पुढे गेली, रस्त्यात पडलेलं एक पत्रक वाचायला वाकली. सुताची बाचकी भरलेला टेंपो मागे येत होता.

"रेवा!"

मृणालनं जन्मात काढला नसेल एवढा आवाज काढला. भाजीवाल्यानं मान वर केली, मागून येणारी सायकल थांबली. रेवा वाचत होती.

"ए पोरी, सरक!" पलीकडचा पानवाला ओरडला, आणि रेवा टुणकन उडी मारून बाजूला झाली. मृणाल धावत जाऊन तिला पोटाशी धरून फुटपाथवर बसली तेव्हा पोर तिच्याकडे आश्चर्यानं बघत होती. "आई, तू कुठे होतीस?"

त्याच आठवड्यात ती मुलीला मिरजेला घेऊन गेली. कानांची तपासणी झाली; कान उत्तम होते. मग डॉ. अस्मा मुजावर यांनी रेवाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि तिच्या कानात आधी टिपून घेतलेले वेगवेगळे आवाज सोडले. पडद्यावर रेघा उठू लागल्या.

"हा माझा आवाज," डॉक्टर म्हणाल्या. "आवाज कानात पोचला, ही पहिली उंची. आणि लगेच ही दुसरी, मोठी: मेंदू म्हणाला, कोणीतरी मला बोलावतंय. आता हा तिच्या बाबांचा. तसंच. आता तुमचा."

पहिली उंची उठली. दुसरी उठलीच नाही. रेघ सपाट पुढे गेली.

"ऐकू येतं तिला. हाक लागत नाही." डॉक्टरांनी उशीबद्दल विचारलं, मृणालनं सांगितलं, आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. "तुमची तिसरी केस. बाकीच्या दोन पुण्याच्या आहेत. झोपेत मेंदूचा जो राखणदार आवाज अडवतो, त्याला उशीनं रोज रोज एकच धडा दिला: हा आवाज आला तरी उठायचं नाही. लहान मूल ना, धडा फार पक्का झाला. दिवसाही तो तेच करतो. तुमचा आवाज आला की म्हणतो, राहू दे, आपलंच माणूस आहे."

मृणालनं विचारलं, "उशी बंद केली तर?"

"आजच करा. पण घालवायचं कसं ते मला ठाऊक नाही. ज्या वयात वाचणं एवढं घट्ट बसतं, त्याच वयात हेही बसतं. एक पुसून दुसरं ठेवता आलं असतं तर..."

"वाचता आलं नसतं तरी चाललं असतं," मृणाल म्हणाली. हे तिनं रेवाच्या समोर म्हटलं. रेवा भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता वाचत होती.

कारखानीसला फोन तिला करावा लागला नाही, त्याचाच आला. कंपनीच्या लक्षात आलं होतं. त्यांनी तातडीनं उपाय काढला होता: यापुढे कोणाच्याच आईचा आवाज वापरायचा नाही. एकच तपासलेला, मुलांना आधी कथा ऐकवून ओळखीचा केलेला आवाज सगळ्या उशांत घालायचा.

"खूप आवाज तपासले, मॅडम. तुमच्या जवळपाससुद्धा कोणी नाही. संमती आहेच तुमची आमच्याकडे."

"आणि माझ्या मुलीचं?"

"आम्ही तिच्यावर लक्ष ठेवून आहोत," तो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याचा स्वर खेदाचा होता. खेद करण्यात त्याचं काही जात नव्हतं.

लगमव्वाला कळलं तेव्हा ती बालवाडीच्या पायरीवर बसली. "म्हंजे आमचं शिवाप्पा तुमचं आईकत न्हाई, पर माझं आईकतंय."

"हो."

"आन् वाचतंय बी."

"हो."

आपल्याला फुकटात काही मिळालं की माणूस ते पदराखाली झाकून बसतो, तशी लगमव्वा बसली. मग म्हणाली, "आमचं नशीब म्हनायचं. घसा फाटका हाय म्हून."



थंडीत मृणालला सर्दी झाली, घसा बसला. सकाळी ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "रेवा, ऊठ," आणि रेवा ताडकन उठून बसली. तिनं सगळ्या खोलीभर बघितलं, मग आईकडे. तिनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि दिवसभर ती पदराला धरून होती. दोघींनी बोलून घेतलं, वाटाणे सोलले, भांडल्यासुद्धा. मृणालनं त्या दिवशी औषध घेतलं नाही. तरी घसा बरा झालाच. त्याबरोबर रेवा पुन्हा गेली.

तेव्हा मृणालनं ठरवलं ते ठरवलं. दुपारी बालवाडी सुटली की ती लगमव्वाच्या कारखान्यात जाऊ लागली. चालू मागांच्या मधोमध उभं राहून ती ओरडायची, बालगीतं, पाढे, जे येईल ते, घशात आग होईपर्यंत. कामकऱ्यांनी पहिले दिवस चेष्टा केली. मग लगमव्वानं त्यांना गप्प केलं आणि ती मृणालला सांगू लागली, "पोटातनं न्हाई, गळ्यातनं वरडा. पोटातनं वरडलं तर घसा टिकतोय. तुमास्नी टिकवायचा न्हाई न्हवं."

प्रसन्ना एकदा म्हणाला, "वेड लागलंय का तुला? दुसरं काही शोधू की."

"काय?"

तो दुकानात गेला.

डॉ. मुजावरांनी स्वरयंत्रावरच्या गाठी दाखवल्या. "आता थांबलात तर जुना आवाज थोडाफार परत येईल."

"म्हणजे थांबायचं नाही," मृणाल म्हणाली.

उन्हाळा येईतो काम झालं. मृणालच्या गळ्यातून आता नवं कापड फाडल्यासारखा आवाज येई, आणि तो परत फिरणार नव्हता. रेवा हाकेसरशी येऊ लागली. जेवायला, अंघोळीला, दुकानात. आत्याबाईंनी एकदा सुनेच्या पुढ्यात गरम पाण्याचा पेला ठेवला. त्यांच्याकडून ती क्षमाच होती, आणि पेला उचलून मृणालनंही आपल्याकडून ती दिली.

एका दुपारी रेवा जिन्यावर पुस्तक घेऊन बसली होती. ती हल्ली सारखी वाचायची, खेळ सोडून, जेवण सोडून. चेहऱ्यावर असं सुख, की बघणाऱ्याला आत जावंसं वाटावं. मृणाल शेजारी टेकली.

"मोठ्यानं वाच की. मलाही ऐकू दे."

"मी नाही वाचत," रेवा म्हणाली. "आई वाचते."

"मी कुठे वाचतेय?"

"तू नाही गं. आई." तिनं पानावर बोट ठेवलं. "अक्षर बघितलं की ती बोलते. हळू बोलते."

"मग मी कोण?"

रेवानं तिच्याकडे नीट बघितलं. घरी आलेल्या चांगल्या पाहुण्याला दुखवू नये तसं. "तू पण आईच आहेस," ती म्हणाली. "पण तू बोललीस की ती थांबते."

मृणालनं तोंड उघडलं. जुन्या आवाजात एकदा, फक्त एकदा, "रेवा" म्हणून बघायचं होतं. गळ्यातून वारा आला आणि खरखर आली. रेवानं ओठांवर बोट ठेवलं आणि पान उलटलं.

आता कोणाला काय मिळालं ते बघा. कंपनीला असा आवाज मिळाला, जो कोणाच्याच आईचा नाही. राज्यभरच्या उशांत तो रोज दुपारी कुजबुजतो. कारखानीसला पुण्यात मोठी खोली मिळाली. लगमव्वाला वाचणारा मुलगा मिळाला आणि त्याचा कान तिच्याकडेच राहिला. आत्याबाईंना नात मिळाली, न मागता. रेवाला तर पुस्तक आणि आई दोन्ही एकाच ठिकाणी मिळाली. खर्ची पडली ती मृणाल, आणि जिच्यासाठी पडली तिला तिची उणीवसुद्धा भासत नाही.